कोंतेपेक: फुलपाखरांच्या कवीचं गाव

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात मोनार्क फुलपाखरं बघायला येणारी मंडळी एल रोसारियो या फुलपाखरांच्या अभयारण्यावरूनच माघारी फिरतात. माझं म्हणणं, जमलं तर कोंतेपेकलाही वाट वाकडी करावी. होमेरो आरिद्जिस हा कवी 1940 साली इथे जन्मला. वडील ग्रीक, आई मेक्सिकन. दहाव्या वर्षी बंदुकीच्या अपघातात मरता मरता वाचला आणि त्यानंतर वाचनाचा, कवितेचा नाद लागला तो कायमचा. 1964 मध्ये, चोविशीत, ‘मिरांदोला दोर्मीर’ या पुस्तकासाठी त्याला विल्याउर्रुतिया हा मेक्सिकोतला साहित्य पुरस्कार मिळाला. पुढे नेदरलंड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, 1997 ते 2003 पेन इंटरनॅशनल या लेखकांच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष. पण या मुलखात फिरताना ही पदं बाजूलाच राहतात.

गावाच्या डोक्यावर आल्तामिरानो डोंगर आहे. कवीच्या लहानपणी हिवाळ्यात त्यावर मोनार्कचे थवे उतरायचे. आता तिथे ते भरवशाने येत नाहीत, तेव्हा कोंतेपेकला जायचं ते कवितेतला डोंगर बघायला. फुलपाखरांसाठी एल रोसारियोच गाठावं.

मेक्सिको सिटीच्या पश्चिम बस स्थानकावरून सिताक्वारो साधारण अडीच-तीन तास. पुढे ओकांपोपर्यंत शेअर गाडी आणि तिथून वर एल रोसारियोला. हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, शनिवार-रविवार टाळा. पेसो रोख ठेवा. उंची तीन हजार मीटरच्या पुढे, त्यामुळे चढताना चांगलीच धाप लागते. गुडघे कुरकुरत असतील तर भाड्याचा घोडा घ्या. बरेच जण पहाटे पोहोचतात आणि हिरमुसतात. थंडीत फुलपाखरांना उडताच येत नाही. ओयामेल या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर पंख मिटून लगडलेली असतात आणि वाळक्या पानांचे घोस वाटतात. ऊन पडलं की पंख उघडतात, एकेक घोस नारिंगी होतो आणि मग उड्डाण. म्हणून अकरा ते दोन ही वेळ धरा. ढग आले तर वाट बघा, फांदी हलवू नका. पायवाटेवर पडलेली सगळीच मेलेली नसतात, बघून पाय टाका.

ओयामेलची दाट छाया रात्री ऊब धरते आणि पाऊस अडवते. मधली झाडं तोडली की भोक पडतं, फुलपाखरं भिजतात आणि भिजलेली कडाक्यात गोठून मरतात. जानेवारी 2002 च्या वादळात असा प्रचंड सडा पडला होता. आरिद्जिसने 1985 मध्ये कलावंत-शास्त्रज्ञांचा ‘शंभरांचा गट’ उभा केला आणि या रानासाठी सरकारच्या मागे लागला. 1986 चा संरक्षण आदेश निघाला. त्यातल्या पाच डोंगरांत आल्तामिरानोही होता. मात्र राखलेले तुकडे लहान होते आणि ज्यांचं पोट लाकडावर, त्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही, म्हणून तोड चालूच राहिली. 2000 मध्ये राखीव क्षेत्र वाढून 56,259 हेक्टर झालं. एल रोसारियोत तिकीट आणि वाटाड्याचे पैसे स्थानिक एहिदोला, म्हणजे जमिनीच्या सामाईक मालकांना मिळतात. तिथे घासाघीस करू नका.