‘लास्ट किती?’

जुनं वॉशिंग मशीन विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली की दहा मिनिटांत पहिला निरोप येतो : ‘अव्हेलेबल?’ आपण लगबगीने ‘हो’ लिहितो. पुढे काहीच नाही. अशी पंधरा-वीस ‘हो’ लिहून झाली की माणूस मशीन भंगारात घालायला निघतो. खरं तर यात समोरच्याचा फारसा दोष नसतो. फेसबुक मार्केटप्लेसवर हा प्रश्न आधीच लिहून ठेवलेला असतो, नुसतं बटण दाबलं की जातो. मंडईतून जाता जाता लोक वांगी दाबून बघतात, तसंच हे. दाबणाऱ्याला गिऱ्हाईक समजायचं नाही.

त्यावर एकच उत्तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येकाला तेच चिकटवा : ‘हो, आहे. कोथरूड, दुसरा मजला, लिफ्ट आहे. १०,००० रुपये. शनिवारी सकाळी ११ ते १ चालू करून दाखवता येईल. किती वाजता येताय?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ज्याला घ्यायचंय तो वेळ सांगतो, बाकीचे आपोआप गळतात. एकाच वेळेला दोघांना बोलवायला हरकत नाही, कारण त्यातला एक बहुधा येतच नाही. आणि दोघेही आलेच, तर घासाघीस आपोआप कमी होते.

आता किंमत. मशीन २०१९ साली ३१ हजारांना घेतलं होतं, हा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने इतिहास आहे. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती तेवढ्याच किलोच्या नव्या मशीनची दिवाळी सेलमधली किंमत, वर वॉरंटी आणि बिनव्याजी हप्ते. म्हणून हिशोब तिथून सुरू करायचा. पाच-सहा वर्षं वापरलेल्या, चालू स्थितीतल्या फ्रंट लोडला (समोरून दार असलेल्या मशीनला) नव्याच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांश मिळाले तर सौदा चांगला झाला असं माझं मत आहे. त्याच्या वर मागितलं की जाहिरात नुसती पडून राहते, आणि तीन आठवडे पडून असलेली जाहिरात बघून लोक ‘काहीतरी खोट असणार’ असं धरून चालतात. दुकानदार एक्स्चेंजमध्ये किती देतोय तेही आधी विचारून ठेवा. तो आकडा आपल्या मागणीपेक्षा दोन-अडीच हजारांनीच कमी असेल तर जाहिरातीच्या भानगडीत पडूच नये. तो मशीन उचलून नेतो, यालाही किंमत आहे.

आकडा लिहिताना फिल्टरचा विचार करायचा. लोक शोधताना कमाल किंमत ५,०००, ८,०००, १०,००० अशी गोल टाकतात. १०,२०० लिहिणाऱ्याचं मशीन १०,००० टाकणाऱ्याला दिसतच नाही. दोनशे रुपयांपायी निम्मा बाजार गमवायचा नसेल तर १०,००० लिहा आणि त्यातच दहा टक्के घासाघिशीसाठी मनात धरून ठेवा.

आणि ते सुप्रसिद्ध ‘दादा, लास्ट किती?’ वस्तू न बघता विचारणाऱ्याला लास्ट सांगायची नाही. चॅटवर सांगितलेली शेवटची किंमत दारात आल्यावर पहिली होते, आणि मग तुमच्याकडे खाली उतरायला पायरीच उरत नाही. ‘बघून घ्या, पसंत पडलं तर तिथेच बोलू’ एवढंच लिहावं. खरा घेणारा यावर रागावत नाही.

जाहिरात कशी असावी याचा एक नमुना : ‘फ्रंट लोड, ७ किलो, मार्च २०१९. बोअरचं पाणी, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्केलिंग (साचलेले क्षार काढणं) केलेलं. दाराच्या रबराला खालच्या बाजूला काळे डाग (फोटो ४). उजव्या बाजूला पोचा (फोटो ५). स्पिनला आवाज नाही, व्हिडिओ आहे. बिल आहे, वॉरंटी संपली. स्टँड आणि इनलेट पाइप सोबत. ट्रान्झिट बोल्ट (नेताना टब आवळून धरणारे) आहेत. नेण्याचा खर्च घेणाऱ्याचा.’ यातल्या दोन दोषांमुळे गिऱ्हाईक पळत नाही. उलट, दारात येऊन दोष काढायला त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. फोटो दिवसाच्या उजेडात, मशीन रिकामं करून, आणि मॉडेल व तारीख असलेल्या स्टिकरचा जवळून एक. त्यातला सिरियल नंबर झाका. बिलाचा फोटो टाकायचाच असेल तर नाव, पत्ता, फोन नंबर पुसून.

विकण्याआधी पाच मिनिटं काढून ड्रम हाताने फिरवून बघा. मग आतली वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम नुसताच डुलला तर तो स्प्रिंग आणि धक्के शोषणाऱ्या डँपरवर टांगलेला असतो म्हणून, ते ठीक. पण आतला स्टीलचा ड्रम बाहेरच्या टबपासून वेगळा खडखडला, किंवा फिरवताना घरघर आली, तर बेअरिंग गेलंय. अनेक मॉडेलमध्ये टब सीलबंद असतो, तेव्हा बेअरिंगसाठी अख्खा टबच बदलावा लागतो आणि तो खर्च जुन्या मशीनच्या किमतीला भिडतो. अशा वेळी लपवालपवी न करता दुरुस्तीवाल्यालाच सुट्या भागांसाठी द्यावं.

निरोप पाठवणाऱ्यांत व्यापारीही बरेच असतात. ओळखायची खूण सोपी आहे : ते मशीनबद्दल काहीच विचारत नाहीत. ‘पत्ता टाका, गाडी घेऊन येतो, कॅश.’ त्यांना विकण्यात गैर काही नाही, उलट काम झटपट होतं. फक्त त्यांची एक ठरलेली चाल माहीत हवी. नऊ हजारांना हो म्हणून दोन हमालांसह येतात, मशीन दारापर्यंत आणतात, नळीचं पाणी फरशीवर सांडलेलं असतं, आणि मग व्यापारी म्हणतो, ‘साहेब, आतून गंजलंय, सहा देतो.’ बोहारीण घरी यायची त्या काळातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. साडी पुरती उलगडायची, कसर लागलेली जागा शोधायची आणि पातेल्याची वाटी करायची. यावर उपाय असा, की रक्कम आधी चॅटवर लेखी ठरवायची, मशीन जागेवर असतानाच तपासू द्यायचं आणि पैसे मिळेपर्यंत नळीला हात लावू द्यायचा नाही.

पैशांकडे आता नीट बघू, कारण इथे मनस्तापाच्या पुढचं नुकसान होतं. ठकसेनांचा सगळ्यात जुना मुखवटा फौजेतल्या जवानाचा. ‘मी एअरपोर्टवर ड्युटीला आहे, बदली झालीय, वस्तू न्यायला माझा माणूस येईल.’ सोबत ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो. किमतीवर एक शब्द नाही, आणि हीच खरी धोक्याची घंटा, कारण आपल्याकडे कोणी विनातक्रार नऊ हजार देत नाही. मग तो ‘चेक करायला’ एक क्यूआर कोड पाठवतो. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील म्हणतो. यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं, ना पिन. पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला, पैसे घ्यायला कधीच नाही. एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, म्हणून ‘रिक्वेस्ट पाठवलीय, अप्रूव्ह करा’ ही युक्ती मागे पडली. क्यूआर कोड मात्र आहेच.

याचे आणखी तीन भाऊ आहेत. एक : ‘९०० ऐवजी चुकून ९,००० गेले, फरक परत करा’, सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस. मेसेज पाहून काही ठरवू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. दोन : पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट. असे स्क्रीन बनवणारी खोटी अ‍ॅप मिळतात. टेम्पो सुरू करून उभा असला तरी आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय वस्तू सोडायची नाही. तीन : ‘बुकिंगची पावती’ म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ती उघडायचीच नाही. फोनचे मेसेज, त्यातले ओटीपीसुद्धा, त्यातून बाहेर जाऊ शकतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार गेली तरच तो गोठवता येतो. मोठ्या सौद्यात, म्हणजे कारबिर विकताना, एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

समोरच्याकडून ५०० रुपये टोकन मागावं का? मागावं. रविवारपर्यंत वस्तू राखून ठेवायची असेल तर नक्कीच. पण ‘आला नाहीत तर परत नाही’ हे आधी लिहून द्या, नाहीतर पाचशे रुपयांसाठी आठवडाभर वाद.

मशीन हलवताना सगळ्यात जास्त चुका होतात. फ्रंट लोडच्या मागच्या बाजूला, नवीन आलं तेव्हा काढलेले, बहुधा चार ट्रान्झिट बोल्ट असतात. ते परत आवळल्याशिवाय मशीन टेम्पोत चढवलं तर टांगलेला टब खड्ड्याखड्ड्याला आपटतो, डँपर आणि स्प्रिंग जातात, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘तुम्ही बिघडलेलं मशीन दिलंत.’ बोल्ट हरवले असतील तर मशीनला टेकून सगळ्या बाजूंनी गाद्या लावून, उभंच, हळू न्यावं लागेल, आणि हे घेणाऱ्याला आधी सांगावं लागेल. बोल्टच्या आधी नळ बंद करा, पुढच्या खालच्या झाकणामागचा फिल्टर उघडा. लिटरभर तरी साचलेलं पाणी येतं, तसराळं आणि जुना टॉवेल तयार ठेवा. सात किलोचं मशीन साठ-पासष्ट किलोंच्या आसपास भरतं, कारण आत टबाला सिमेंटची वजनं बांधलेली असतात. दोन माणसांशिवाय उचलू नये आणि दाराला धरून तर मुळीच नाही. छोटा हत्ती बोलावण्याआधी सोसायटीच्या ऑफिसातून सामान बाहेर न्यायचा पास घ्या. रविवारी दुपारी सामान हलवायला बंदी आहे हे गेटवर कळण्यासारखा वैताग नाही.

फ्रिजही उभाच न्यायचा, आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करायचा. स्प्लिट एसी भिंतीवर चालू असतानाच गिऱ्हाइकाला दाखवा, उतरवल्यावर त्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. उतरवताना मेकॅनिकने गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला पाहिजे. कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, थोड्या वेळाने जाड पाइपचा, मग लगेच एसी बंद. घाईतला माणूस नट सैल करून सगळा गॅस हवेत सोडतो, आणि नव्या घरी गॅस भरायचा खर्च आला की भांडण तुमच्याशी होतं.

फोन विकताना सगळा घोळ क्रमाचा असतो. बॅकअप, मग यूपीआय अ‍ॅपमधून बाहेर, मग गुगल खातं फोनमधून काढणं, आणि शेवटी सेटिंग्जमधून रिसेट. खातं न काढताच थेट बटणं दाबून रिसेट केला की फोन जुनं खातं मागत बसतो आणि घेणारा रात्री अकराला तुमचा पासवर्ड मागतो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करून खात्यातून साइन आउट करायचं. ईसिम असेल तर तेही हटवा. बिलासह बॉक्स द्या आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत व तारीख आपल्याकडे ठेवा, कारण पोलिस उद्या आयएमईआयवरून (फोनच्या ओळख क्रमांकावरून) माग काढत आले तर पहिलं नाव तुमचं निघू शकतं. घेणाराही *#०६# दाबून हा नंबर काढेल आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासेल. तपासू द्या.

स्कूटरबद्दल मात्र हयगय नको. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला लागतात फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. त्यावर कोऱ्या सह्या करून ‘नाव मी करून घेतो’ म्हणणाऱ्या माणसाला गाडी द्यायची नाही. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, गाडी मधे चार हातांत फिरली असली तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून बोजा आधी उतरवा. थकलेली ई-चलनं आधी भरा. गाडी देताना तारीख, वेळ, किलोमीटर आणि ‘यापुढील जबाबदारी माझी’ असं लिहून घेणाऱ्याची सही घ्या. वेळ लिहायची ती अशासाठी, की त्याच संध्याकाळी त्याने सिग्नल तोडला तर ते तुमच्यावर येऊ नये. नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतो. पुढे महिनाभर परिवहनच्या साइटवर नाव बदललं का ते बघत राहायचं.

काही वस्तू विकायच्या फंदातच पडू नये. पार्टिकल बोर्डाचं कपाट एकदा खोललं की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात, दुसऱ्या घरी ते उभंच राहत नाही. जुनी गादी कोणी विकत घेत नाही. अशी वस्तू फुकट देतानाही ‘फुकट’ लिहू नका. निरोपांचा पूर येतो आणि उचलायला कोणी फिरकत नाही. १०० रुपये लिहा, न्यायला येईल त्याच्याकडून घेऊ नका.