सिझर लिफ्ट: खरी परीक्षा टेबल खाली असताना

सिझर लिफ्टचा, म्हणजे कात्रीसारख्या आर्मवर वरखाली होणाऱ्या टेबलाचा, हिशोब बरेच जण टेबल पूर्ण वर गेल्याचं चित्र डोळ्यासमोर ठेवून करतात. सर्वांत मोठी बलं मात्र टेबल नुकतंच उचलायला लागतं तेव्हा येतात.

साधं एकमजली टेबल घेऊ. दोन्ही बाजूंना कात्रीची एकेक जोडी, पिन ते पिन आर्म १२०० मिमी, एका टोकाला स्थिर पिन, दुसऱ्या टोकाला सरकणारा रोलर, सिलिंडर तळाशी आडवा. माल, टेबल आणि आर्मचं निम्मं वजन मिळून भार ६ किलोन्यूटन. (निम्मंच, कारण आर्मचा मध्य टेबलाच्या निम्मा उचलला जातो.) सिलिंडरचं बल म्हणजे भार भागिले आर्मच्या आडव्या रेषेशी असलेल्या कोनाचा टॅन. ४५ अंशांना ६ किलोन्यूटन पुरतात, १० अंशांना ३४ लागतात आणि ५ अंशांना जवळपास ६९! दुमजली असेल तर दुप्पट. त्यामुळे किमान कोन ५ वरून १० अंश केला, तर बंद उंची जेमतेम १०४ मिमीने वाढते आणि सिलिंडर निम्म्या ताकदीचा चालतो. जागा असेल तर हा सौदा नेहमी करावा.

आता आर्म. ७५ × १२ मिमीची पट्टी, मधल्या बुशसाठी (पिन ज्यात फिरते त्या नळीसाठी) ३६ मिमीचं भोक. माल मधोमध असताना ५ अंशांना वाकण्याचा ताण सुमारे ९० मेगापास्कल. यात आर्मच्या लांबीतला ३४ किलोन्यूटनचा दाब (६९ दोन बाजूंत विभागून) मिळवायचा असतो, आणि तोच विसरला जातो. भोकापाशी त्याचे आणखी ७३. ई २५० पोलादाला २५० ची मर्यादा धरली तर सुरक्षा गुणांक जेमतेम दीड.

खरा धोका पुढे आहे. सगळा भार रोलरच्या टोकाशी आला की प्रत्येक जोडीतल्या एकाच आर्मवर वाक दुप्पट होतो. १८० आणि ७३ मिळून मर्यादा ओलांडली. सिलिंडरला याचा पत्ताही लागत नाही, कारण टेबल समांतरच उचललं जातं आणि त्याचं बल तेवढंच राहतं. प्रेशर गेज बघून ‘ओव्हरलोड नाही’ म्हणणं म्हणूनच फसवं. ट्रॉली चढवताना टेबल फ्रेमवरच्या स्टॉपवर टेकलेलं असावं, आणि माल मध्यावर आणल्याशिवाय बटण दाबू नये.

मधल्या पिनची फक्त कातर (आडवं कापलं जाणं) तपासून भागत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांत १७ मिमी अंतर असेल तर २५ मिमीच्या पिनमध्ये कातरताण ७० च्या आसपास, पण वाकण्याचा ताण १८८. पिन ३० मिमीची केली की तो ११० च्या खाली येतो. बुशवरचा दाब कमी करायला आर्मवर जाड बॉस (भोकाभोवतीचं कडं) वेल्ड केला, तर हेच अंतर वाढतं आणि पिन पुन्हा तपासावी लागते.

वर गेल्यावर बलं उतरतात, पण रोलर आत सरकतो. ६० अंशांना टेबलाचं ६०० मिमी टोक अधांतरी राहतं; तिथे वजन पडलं की स्थिर पिन वर ओढली जाते आणि तळातला तिच्याखालचा आधारही उचलतो. म्हणून फ्रेम जमिनीला अँकर बोल्टने पक्की करावी. रोलरही उघड्या पट्टीवर न फिरवता सी चॅनेलमध्ये ठेवावा.