वरून फाटणारा पडदा

नाटकांचे पडदे शिवणं हा माझा धंदा. यंदा भायखळ्याच्या एका मराठी चर्चचं काम आलं. गुड फ्रायडेच्या नाटिकेत येशू प्राण सोडतो आणि जेरुसलेमच्या मंदिरातला पडदा फाटतो, तो पडदा. कमिटी म्हणाली, मखमल घ्या, मधोमध वेलक्रो लावा, दरवर्षी वापरता येईल. कापड हातात न घेता कापडाचे निर्णय करतात, याचा मला राग येतो. वेलक्रो उघडतो, फाटत नाही.

बायबलात मत्तय आणि मार्क दोघंही सांगतात, पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. माझ्या मते सगळं तिथेच आहे. माणूस फाडायला गेला तर खालूनच फाडणार, हात तेवढाच पोचतो. मंदिराच्या दारापुढचा पडदा 55 हात उंच होता, असं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे जवळजवळ आठ मजले. तसल्या पडद्याच्या वरच्या काठाला कोण हात घालणार?

मी मांजरपाट घेतलं. रंग बायबलच्या निर्गम पुस्तकातले: निळा, जांभळा, किरमिजी. दोन करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, रंगवले, पण मधली चार बोटं कोरी सोडली, कारण रंगानं कापड ताठरतं आणि फाट वाकडी जाते. वरच्या दुमडीला कात्रीचा एक काप दिला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोऱ्या बांधून कप्पीवरून विंगेत नेल्या. खालची जाड दुमडही आधीच कापली, नाहीतर फाट तिथे येऊन अडते.

दोऱ्या ओढल्या. उभा धागा धरून फाट सरळ खाली आली, आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत गेला. मागे काहीच नव्हतं. लाइटवाल्याला तिथे सोनेरी कोश, म्हणजे देवाच्या कराराची पेटी, हवा होता. पाळकसाहेबांनी नको म्हटलं, येशूच्या काळी पडद्यामागच्या परमपवित्रस्थानात कोश नव्हताच. प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी जायचा ती जागा आता सगळ्यांसमोर उघडी होती. पुढच्या बाकावरच्या आजींनी मोठ्यानं विचारलं, "आता आत कुणी जायचं?"

बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात याचं उत्तर आहे: आपण सगळ्यांनी, धैर्यानं. आणि तिथेच म्हटलंय की तो पडदा म्हणजे येशूचा देह. कात्री चालवल्यावर हे वाक्य मला पूर्वीसारखं वाचता येत नाही.

सोमवारी कमिटीचा फोन आला. "दादा, मधून टीप मारून द्या, पुढच्या वर्षी कामाला येईल."

मी नाही म्हटलं. दरवर्षी नवा शिवून देईन, शिलाईही घेणार नाही, पण हा जोडणार नाही. खर्चाचं बघून कळवतो म्हणाले.