ताडपत्रीखाली

लेलँड हे एका गावाचं नाव आहे, हे मला चाळिशीत कळलं. तोवर ते मामाच्या ट्रकचं नाव होतं. मामाकडे अशोक लेलँडची कॉमेट होती. तिचा कारखाना मद्रासजवळ एन्नोरला, पण घराणं इंग्लंडमधल्या लँकेशायरचं. नोकरीसाठी तिथल्याच प्रेस्टनला आलो आणि पहिल्याच आठवड्यात एका बसच्या पाटीवर 'लेलँड' वाचलं. कारखान्यावरून गावाची किर्लोस्करवाडी झालेली आपल्याला ठाऊक असते. इथे उलटं झालं होतं. गावाचं नाव गाड्यांच्या कपाळी लागलं आणि फिरत फिरत आमच्या अंगणापर्यंत आलं होतं.

त्या गावात जुन्या मालवाहू गाड्यांचं संग्रहालय आहे, १९८३ पासूनचं. पोप आले होते तेव्हा, १९८२ साली, त्यांच्यासाठी बांधलेली काचेची गाडीही तिथेच आहे, आणि येणारे बहुतेक जण तिच्याभोवती घोटाळतात. मी सरळ लॉऱ्यांकडे जातो. लेलँडवाल्यांनी नावं ठेवताना अख्खं प्राणिसंग्रहालय उघडलेलं: बीव्हर, हिप्पो, ऑक्टोपस. ऑक्टोपसला खरोखरच आठ चाकं, म्हणजे तेवढं बारसं तरी विचार करून झालं होतं. लंडनजवळच्या साउथॉलच्या एईसी कंपनीचं वेगळंच. मर्क्युरी, मँडेटर, मॅमथ मेजर. सगळ्या लॉऱ्या 'म'वरून, म्हणजे आपल्या हिशेबाने एकजात सिंह राशीच्या.

मला लॉऱ्यांची गोडी लागली ती मात्र संग्रहालयात नाही, एका मैदानावर, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात. तिथे एक आजोबा भेटले. ऐंशीच्या पुढचे. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या आणि निवृत्तीनंतर स्वतःची पहिली लॉरी घेतली: पन्नाशीच्या दशकातली, फोडन कंपनीची, आठ चाकांची, गार्डनर इंजिनाची. गार्डनर हे नाव ही मंडळी उस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावावा तशी घेतात. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनणारं, सहा सिलिंडरचं, ८.४ लिटरचं आणि ताकद म्हणाल तर ११२ हॉर्सपॉवर. आज एखाद्या छोट्या मोटारीत तेवढी असते. त्यावर गाडी आणि भार मिळून बावीस-चोवीस टन ओढायचे. घाईला जागाच नव्हती. १९५७ पर्यंत जड लॉऱ्यांना कायद्यानेच ताशी २० मैलांच्या वर जाता येत नव्हतं. आजोबा तेव्हा पोरसवदा, ड्रायव्हरचे 'मेट'. आपल्याकडचा किन्नर, म्हणजे क्लीनर. २० मैलांच्या वेगाने इंग्लंड बघायला मिळतं, म्हणाले. प्रत्येक गाय ओळखीची होते.

थंडीचं मात्र त्यांनी हसत सांगितलं नाही. तेव्हाच्या केबिनचा सांगाडा अॅश लाकडाचा, वरून पत्रा, आणि हीटर बहुतेक गाड्यांत नसायचाच. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला. डावा पाय भाजून निघायचा, उजवा दाराच्या फटीतल्या वाऱ्याने बधिर. पेडलच्या भोकांतून वारा येऊ नये म्हणून गोणपाट कोंबायचं. स्कॉटलंडला जायचं तर ए-६ रस्त्याने शॅपचा घाट चढावा लागे. सुमारे १,४०० फूट ही उंची ऐकून खंडाळ्याच्या माणसाला हसू येईल, पण तिथे बर्फ पडायचं आणि लॉऱ्यांची रांग रात्र-रात्र अडकून राहायची. १९७० मध्ये एम-६ हा मोटरवे शॅपवरून गेला आणि तो रस्ता मेंढ्यांना परत मिळाला.

मग आजोबांनी मला केबिनमध्ये चढवलं. चढवलं म्हणजे अक्षरशः. चाकाच्या तुंब्यावर पाय देऊन. त्यांनी डबल क्लच मारून दाखवला. क्लच दाबला, न्यूट्रल, क्लच सोडला, बारीकशी रेस, पुन्हा क्लच आणि खालचा गिअर. आवाज नाही. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. सगळं कानावर. चुकलं तर गिअरबॉक्स खरखरून मैदानभर चहाडी करते, आणि या मेळाव्यात तर चुकीची वाट पाहणारे शंभर कान असतात. मामाही घाटात असाच इंजिनाकडे कान देऊन बसायचा. मधे कुणी बोललं की ओरडा खायचा.

मोटारी आधीपासून लाडाच्या. त्यांना गॅरेज असतं, रविवारचं फडकं असतं. लॉरीला कोण जपणार? ती मरेपर्यंत राबवायची आणि भंगारात द्यायची. ज्या वाचल्या त्यातल्या पुष्कळशा जत्रांमध्ये पाळणे नेणाऱ्यांनी वापरत ठेवल्या म्हणून वाचल्या. आजोबांची फोडन एका शेताच्या कडेला चिखलात रुतलेली मिळाली. केबिनचं लाकूड हाताने कुस्करण्याइतकं कुजलेलं. नऊ वर्षं लागली. ज्या केबिनला तरुणपणी शिव्या घातल्या, तिचीच एकेक फळी रंधून परत बसवली, आणि दाराची फटसुद्धा जशीच्या तशी ठेवली. हे मला अजून नीट उमगलेलं नाही. बायकोलाही नाही, म्हणाले.

आता गंमत अशी की इतकं करून ती चालते रिकामी. हौसेची जुनी गाडी म्हणून करात सूट घ्यायची तर भाड्याचा माल वाहता येत नाही. आणि रिकामी लॉरी म्हणजे छळ. स्प्रिंगांचे पाटे टनांच्या हिशेबाने घातलेले, पाठीवर काही नाही, त्यामुळे खड्ड्यागणिक ती बैल उधळावा तशी उडते. म्हणून कोणी काँक्रीटचे ठोकळे ठेवतात, कोणी पिंपं. आजोबांच्या फोडनवर मात्र हिरव्या ताडपत्रीखाली भरगच्च माल होता. चांगला छातीइतका उंच. ताडपत्रीच्या घड्या लिफाफ्यासारख्या, दोर ताणून बांधलेले, प्रत्येक हुकावर फास.

"आत काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपरा उचलून दाखवला. आत फळ्यांचा एक सांगाडा. बाकी हवा.

संध्याकाळी निघताना एका बाजूचा दोर सैल झाला होता. मीच पुढे झालो. मामाने शिकवलेली गाठ अजून हातात होती. दोराचा आधी एक फास, त्यातून खाली हुकाला, परत वर, आणि पाय टेकवून खेच. आजोबांचीही गाठ अगदी तशीच. डॉली म्हणतात तिला, म्हणाले. मी बांधलेली त्यांनी बोटाने दाबून पाहिली, छान म्हणून मान डोलावली. मी पिशवी घ्यायला पलीकडे गेलो. आरशात दिसलं, ती सोडून ते पुन्हा बांधत होते.

मामानेही कधी माझी गाठ राहू दिली नव्हती.