फाकाहॅचीच्या दलदलीत हँड फर्न शोधताना

अमेरिकेतल्या फ्लोरिडात, नेपल्स शहरातून यूएस ४१ महामार्गाने पूर्वेला निघालं की आधी बिग सायप्रेस बेंडची लाकडी पायवाट लागते. पुढे स्टेट रोड २९ वर डावीकडे वळून कोपलँडला आलात की जेन्स ड्राइव्ह हा कच्चा रस्ता फाकाहॅचीच्या संरक्षित दलदली जंगलात शिरतो. डिसेंबर ते मार्च जावं. पाणी ओसरू लागतं, डासही कमी असतात. नजर मात्र पायवाटेवरच तयार करा.

हँड फर्न कॅबेज पामच्या खोडावर वाढते. झावळी गळली तरी देठाचा बुडखा खोडाला चिकटून राहतो, त्याला तिथे 'बूट' म्हणतात. बुटाच्या खाचेत पाला कुजतो आणि त्यात हिची मुळं असतात. आपल्याकडची बाशिंग नावाची फर्न स्वतःच्या वाळक्या पानांत पाला अडवते. हिला ती सोय नाही, बूट गेला की आसरा गेला. म्हणून गुळगुळीत खोडं सोडून द्या. बूट शाबूत असलेल्या खोडांवर सावलीच्या बाजूने दुर्बीण फिरवा, ८×४२ ची पुरते.

फसगत होते ती गोल्डन पॉलिपोडी या दुसऱ्या फर्नमुळे. तीही त्याच बुटांत, आणि भरपूर. तिची पाती मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना कापलेली असते, तिच्या स्वतःच्या आडव्या खोडावर सोनेरी लव असते, पानामागे बीजाणूंचे गोल ठिपके दिसतात. हँड फर्नचं मऊ, मांसल पान बोटं पसरलेल्या पंजासारखं खाली लोंबतं आणि बीजाणूंचे बारीक दांडे पात्याच्या बुडाशी फुटतात. फोटो त्या बुडाचा घ्या, नुसत्या बोटांवरून खात्री होत नाही.

एव्हरग्लेड्सच्या राईंमध्ये ही फर्न एके काळी मुबलक होती. आज फ्लोरिडाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. कालवे खणून पाणी काढलं, दलदल सुकली, आगी आत शिरल्या. वाळके बूट झटकन पेटतात. पाम मात्र जगतो, कारण त्याचा कोंब शेंड्याला सुरक्षित असतो. जळालेली राई वर्षभरात पुन्हा हिरवी दिसते, म्हणूनच हा नाश कुणाच्या लक्षात येत नाही. काळवंडलेलं खोड दिसलं तर त्याची नोंद जरूर करा. शेजारच्या पिकायून स्ट्रँड या दलदली जंगलात कालवे बुजवून पाणी परत आणलं जातंय. खरा उपाय तोच.

पाण्यात उतरणार असाल तर लांब पँट, बंद बूट आणि काठी हवीच. मगरी आणि कॉटनमाउथ हे विषारी साप दोन्ही असतात. पामच्या बुटाला हात लावू नका. हँड फर्नचं उपटून नेलेलं रोप सहसा जगत नाही, कारण त्याचं बुरशीशी असलेलं नातं कुंडीत जुळत नाही. सापडलीच तर रेंजरना कळवा, आणि फोटो टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका.