ओकायामाची पोरं, आपला पाऊस आणि ‘दोंबुराको’

पुणे आणि जपानमधल्या ओकायामाच्या मैत्रीची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. 10 एकरांची ही बाग ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेली. मूळ बाग 1700 साली पुरी झाली, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तिची नासधूस झाली आणि जुनी चित्रं समोर ठेवून ती पुन्हा उभी केली गेली. दर वर्षीच्या मैत्री मेळाव्याला ओकायामाची शाळकरी मुलं पुण्यात येतात. सकाळी या पाहुण्यांना इथे आणलं की ते आधी हिरवळ बघतात, कारण एवढी मोकळी हिरवळ जपानी बागांत सहसा नसते. ती कोराकुएनची खासियत. मेळाव्याची खरी मजा मात्र दुपारी, शाळेच्या सभागृहात.

मेळावा ऑगस्टातच का, हा प्रश्न दर वर्षी निघतो. जपानी शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते. मार्चात आपल्या दहावीच्या परीक्षा, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार जपानी भाषेच्या परीक्षेचा. उरला ऑगस्ट. ओकायामा स्वतःला ‘लख्ख उन्हाचा मुलूख’ म्हणवतं आणि तिथली पोरं नेमकी आपल्या पावसात येतात. पावसाचं एक वेळ चालतं, पण ढोल-ताशा पथकांचा सराव! नदीकाठी टिपरू पडायला लागलं की आपल्याच वर्गातली मुलं तीनच्या कार्यक्रमाला साडेपाचला उगवतात. पथकात उशीर केला तर वादनातून नाव कटतं, मेळाव्यात कोण काय म्हणणार?

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन्हीकडचे शुभेच्छासंदेश यथासांग होतात. दुभाष्यामुळे प्रत्येक भाषणाला दुप्पट वेळ लागतो, म्हणून आता संदेश छापून खुर्च्यांवर ठेवतात. फार बरं झालं.

मग मोमोतारोचं नाटक. नदीतून वाहत आलेल्या पीचमधून जन्मलेला हा जपानी लोककथेतला पोरगा ओकायामाचा लाडका. स्टेशनबाहेर त्याचा पुतळा आहे, समोरचा हमरस्ता त्याच्याच नावाचा. नाटकातलं आपलं पीच वेताच्या रिंगांवर कापड ताणून केलेलं, साधारण साडेतीन फूट उंच. दोन फाका मागच्या बाजूला बिजागरीने जोडलेल्या. पुढे वेल्क्रो लावलं तर उघडताना फर्रकन आवाज येतो आणि लोक हसतात. लोहचुंबक लावले तर पीच नदीतून येतानाच उकलतं. सर्वांत भरवशाची सुतळीची सरकगाठ, तिचं टोक आतल्या मुलाच्या हातात. मागे हवेसाठी जाळी हवीच, आणि आत बसणारा तिसरीच्या पुढचा नको. पीच वाहत येतं तेव्हा ‘दोंबुराको, दोंबुराको’ (पाण्यात पीच डुचमळल्याचा आवाज) असा ठेका जपानी आणि मराठी मुलं मिळून धरतात, आणि तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतले आजोबाही त्यात असतात.

कुत्रा, माकड आणि फेझंट हे मोमोतारोचे साथीदार. फेझंटऐवजी मोर घ्या, अशी सूचना दर वर्षी येते. दोन्ही आपापल्या देशांचे राष्ट्रीय पक्षी हे खरं, पण पिसारा विंगेत मावत नाही. विषय संपला.

साथीदारांना वाटायचे किबीदांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, मोदकाच्या पिठाचे होत नाहीत. आंबेमोहोर मऊ असतो, पण लागणारा चिवटपणा त्यात नसतो. चिकट तांदूळच हवा, आसामचा बोरा तांदूळ चालतो. 100 ग्रॅम पिठाला 150 मिली पाणी, 120 ग्रॅम साखर; 20 मिनिटं वाफवायचं, मध्ये एकदा ढवळायचं, मग कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून सुपारीएवढे गोळे. तब्येतीच्या नावाखाली साखर कमी केली की संध्याकाळपर्यंत दगड होतात, कारण ओलावा साखरच धरून ठेवते. फ्रिजमध्येही ठेवू नयेत.

यानंतरची दोन मिनिटं डोळे पुसायची: पाहुण्या मुलामुलींचं मराठी भाषण. मजकूर जपानी काताकाना लिपीत उतरवला तर ‘मित्र’चा ‘मितोरा’ होतो, कारण त्या लिपीत ‘न’ सोडल्यास व्यंजन सुटं लिहिताच येत नाही. म्हणून लिहिण्याआधी ध्वनिमुद्रण पाठवायचं. वाक्यं सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. ‘ळ’ कोणालाच धड जमत नाही. तरी ज्या घरात राहिली त्या घरच्या आजींचं नाव एखादी मुलगी घेते, आणि सभागृहात असा काही टाळ्यांचा कडकडाट होतो की पाहुण्या मंत्र्यालाही तसा कधी मिळाला नाही.

आता माणसं. यजमान कुटुंबं, ज्यांनी घरात आठवडाभर तिखट बंद ठेवलं, सतरंज्या वाळवणारे शिपाईमामा, वीज गेल्यावर जनरेटर ओढत आणणारे मांडववाले, पीच शिवणाऱ्या शिंपीकाकू, युकाता (सुती किमोनो) नेसवताना डावा पदर वरच राहील याकडे डोळ्यात तेल घालून बघणाऱ्या शिक्षिका (उजवा वर ठेवतात तो मृतांना), दांगो वळणाऱ्या मावशी, दोन्ही लिप्यांत प्रमाणपत्रं करून देणारे झेरॉक्सवाले, बसचे चालकदादा, बागेतले माळीमामा, चपलांच्या ढिगाची राखण करणारी पाचवीची पोरं. पडदा ओढणारा राहिलाच. आणि माइकवाले! कोणाचं राहिलं असेल तर पुढच्या बैठकीत सांगा, आभारपत्रं अजून छापायची आहेत.

पीच यंदा माळ्यावर टांगून ठेवलंय. जूनमध्ये उतरवून उंदरांनी वेत कुरतडलाय का ते बघून घ्यावं.