विकतची ज्वारी

"पैसा आला, पण त्यो आमच्या मालकाच्या खात्यात. माझ्या हातचं दूध गेलं, त्याचं काय?"

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या बाजारात आज एक मावशी म्हणाल्या. त्यांचं शेत कारखान्यांच्या पट्ट्यात गेलंय. विकतच्या ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून बघत होत्या. घरची ज्वारी अशी कधी तपासावी लागली नव्हती म्हणे.

शेंद्रा-बिडकीनचा औद्योगिक पट्टा सुमारे १०,००० एकरांचा. त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळतो सातबाऱ्यावरच्या नावाला. पण शेत गेलं की कडबा जातो, विकतच्या चाऱ्यावर म्हैस परवडत नाही, आणि बाईच्या हातात खेळणारा दुधाचा पैसा थांबतो. शेतमजुरांचं तर सातबाऱ्यावर नावच नसतं.

मराठवाड्यात कारखाने यायलाच हवेत, पोरांना काम हवंय. पण जमिनीचा व्यवहार ठरताना घरातल्या बाईला कुणी विचारतं का?